जुन्या पिकअपचे स्लो बिघडते, गाडी बंद पडते : दोष शोधण्याची रीत

आठवडे बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची पिकअप म्हणजे त्याचे फिरते दुकान. फजरची नमाज आटोपून निघायचे, नऊच्या आत पाल ठोकून माल मांडायचा. गाडी वाटेत बंद पडली की त्या दिवसाचा बाजार गेला, आणि तो बाजार पुन्हा आठ दिवसांनीच भरतो. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आम्ही कापडाचा व्यवसाय करतो. आमच्यासारख्या पुष्कळ बंधूंच्या दारात आज दहा-पंधरा वर्षांची डिझेल पिकअप उभी आहे. तिच्याबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी पळते चांगली. पण उभी केली की थरथरते, मिसिंग करते, आणि फाट्यावर क्लच दाबून वेग कमी केला की गपकन बंद पडते.

या तक्रारीवर आम्ही स्वतः पैसे घालवून जे शिकलो ते येथे देत आहोत. आम्ही मेकॅनिक नाही, आणि मिस्त्रीचे काम मिस्त्रीनेच करावे. पण दोष शोधण्याचे निम्मे काम गाडीमालकाचे असते. गाडी रोज त्याच्या हाताखाली असते. मिस्त्रीकडे ती अर्धा तास उभी राहते, आणि त्या अर्ध्या तासात बहुतेक वेळा नेमकी शहाण्यासारखी चालते.

२०२२ च्या हिवाळ्यातील गोष्ट. आमची पिकअप शिरूरहून सोलापुरी चादरींचे गठ्ठे घेऊन न्हावऱ्याकडून चौफुल्याला निघाली होती. उसाचा हंगाम, पुढे ट्रॉल्यांची रांग. दर दहा मिनिटांनी थांबा, आणि दर थांब्याला गाडी बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. चौफुल्यापर्यंत पोहोचायला दुपार झाली.

पुढच्या महिनाभरात गाडी तीन गॅरेजांत गेली. पहिल्याने स्लोचा स्क्रू फिरवून इंजिनाची रेस वाढवून दिली. चार दिवस बरे वाटले, मग मूळ पदावर. दुसऱ्याने एअर काढून दिली. गाडी दोन दिवस चालली. तिसऱ्याने पंप आणि चारही नोझल काढून कॅलिब्रेशनला पाठविले. त्याचे आम्ही १४ हजार रुपये मोजले, आणि गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा अर्ध्या मिनिटात बंद पडली. तोवर मुलाने नव्या गाडीच्या फायनान्सचे कागद आणून ठेवले होते. व्याजाचा पैसा आमच्या घरात आजवर आला नव्हता. मुलगा म्हणाला, "अब्बा, मग बाजार कशाने करायचे?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही त्याच्याकडे आठ दिवस मागून घेतले.

दौंडमध्ये आमच्या ओळखीचे एक वृद्ध फिटर राहतात. उमेदीची वर्षे त्यांनी पुण्याच्या घोरपडी डिझेल लोको शेडमध्ये काढली. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी प्रश्न विचारले. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? टाकी भरलेली असताना की तळाला आल्यावर? बंद पडण्याआधी धडधडते की चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प होते? धूर कोणत्या रंगाचा? आणि शेवटी : "भाई, ही तक्रार सुरू होण्याआधी गाडीला शेवटचा हात कशासाठी लागला होता?"

या शेवटच्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. तक्रार सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. डिझेल फिल्टर बदलला होता. ती गोष्ट आम्ही तीनपैकी एकाही गॅरेजात सांगितली नव्हती, कारण नवा फिल्टर म्हणजे चांगलेच काम झाले असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गाडी पळताना चांगली आणि उभी असताना वाईट, असे का? आम्ही हा हिशेब चाचांकडे बसून केला. चार सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन स्लोवर मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा डिझेल फवारले जाते. म्हणजे मिनिटाला ४०० फवारे, चार सिलिंडरचे १,६००, तासाचे ९६ हजार. स्लोवर तासाला पाऊण लिटर डिझेल जळते असे धरले तर एका फवाऱ्याच्या वाट्याला आठ घन मिलिमीटरही येत नाही. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब सुमारे पन्नास घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे स्लोवर इंजिन एका थेंबाच्या सहाव्या हिश्शावर जगते! त्यात राईएवढा हवेचा बुडबुडा आला तरी त्या फवाऱ्याचे वाटोळे होते. घाटात भरल्या गाडीला प्रत्येक फवाऱ्यात याच्या कितीतरी पट डिझेल जाते. तेथे तोच बुडबुडा खपून जातो. आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर मलमलीत सुताची गाठ लगेच दिसते, घोंगडीत दिसत नाही.

म्हणूनच रेस वाढवून देणे हा इलाज नव्हे. तो दोषावर पांघरूण घालण्याचा प्रकार आहे. पंपावर दोन स्क्रू असतात, एक स्लोचा आणि एक कमाल वेगाचा. दुसऱ्याला सील असते, त्याला कोणालाही हात लावू देऊ नये. पहिला स्क्रू फिरवायचा तो बाकी सर्व दोष काढून झाल्यावर, इंजिन गरम असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे.

आता आमच्या गाडीकडे वळू. तिला रोटरी पंप आहे. या पंपाच्या पोटातच डिझेल ओढण्याची सोय असते, त्यामुळे टाकीपासून फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून पंपापर्यंतची सगळी वाट ओढीची असते. ओढीच्या वाटेवर कोठे फट असेल तर इंजिन चालू असताना तेथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि मिस्त्री म्हणतो लिकेज नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परत उतरते. सकाळी पंपात जेवढे उरलेले असते तेवढ्यावर इंजिन सुरू होते आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते. मग हातपंप मारा, एअर काढा, की पुन्हा चालू. हे लक्षण ज्याच्या गाडीत असेल त्याने पंप उघडण्याआधी हवा कोठून येते ते शोधावे.

ज्या जुन्या गाड्यांना लाइन पंप आहे त्यांत थोडा फरक असतो. तेथे फीड पंप वेगळा असतो. त्याच्या मागची, टाकीकडची वाट ओढीची, आणि पुढची दाबाची. दाबाच्या वाटेवर फट असेल तर डिझेल बाहेर येते व दिसते.

चाचांनी वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी घेतली. प्रथम ती फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये बसविली व इंजिन चालू केले. नळीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ वाहताना स्पष्ट दिसली. मग तीच नळी टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये लावली. तेथे डिझेल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकी, तिच्यातील नळी, चासीवरून येणारा लांबलचक पाईप हे सारे निर्दोष. हवा शिरत होती ती फिल्टरच्या डोक्यावरच. तेथे पाईप ज्या पोकळ बोल्टने बसतात त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर असतात. तांबे मऊ असते, एकदा आवळले की दबून बसते. सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर नवा घातला होता, वायसर मात्र जुनेच परत लावले होते. एकावर वर्तुळाकार खाच स्पष्ट दिसत होती.

चार नवे वायसर दुकानातून आणले. त्यांची किंमत चहापाण्याएवढी. एअर काढली, गाडी रात्रभर उभी ठेवली, सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली आणि अल्लाहच्या कृपेने पाऊण तास स्लोवर न थरथरता चालली. फायनान्सचे कागद मुलाने स्वतःच परत केले. ज्या मिस्त्रीने कॅलिब्रेशन केले त्याला आम्ही बेइमान म्हणत नाही. आम्ही त्याला अर्धीच हकीकत सांगितली होती, आणि त्याने विचारलीही नाही.

नळी लावूनही बुडबुडे टाकीकडूनच येत असतील तर आणखी एक साधी तपासणी आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन तो कॅन इंजिनापेक्षा उंच, सुरक्षित जागी ठेवायचा. टाकीकडून येणारा पाईप सोडवून त्याजागी कॅनमधली नळी जोडायची. इंजिन कॅनवर शांत चालले तर दोष टाकीत किंवा तिच्या पाईपमध्ये आहे. कॅनवरही तसेच थरथरले तर टाकीला निर्दोष सोडून पुढे पाहायचे. हे करताना जवळ विडी-सिगारेट नको, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

टाकीचे दोष ओळखण्याच्या खुणा निराळ्या असतात. पाव टाकी उरली की गाडी बंद पडते, भरली की ठीक, असे असेल तर टाकीतील ओढीची नळी मध्येच चिरलेली असण्याचा संभव मोठा. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालून गुदमरते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते, असे असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असते किंवा तळाच्या जाळीवर गाळ बसलेला असतो. गाडी गुदमरली त्या क्षणी झाकण उघडून पाहावे. सुस्स असा आवाज येऊन हवा आत गेली तर दोष सापडलाच. आमच्या भागात धुरळा फार, ही छिद्रे बुजतातच.

पाण्याचाही विचार करावा. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे आणि दहा मिनिटे उन्हात ठेवावे. डिझेल पाण्याहून हलके, त्यामुळे पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पाणी निघाले तर गाडी संध्याकाळीच भरून ठेवण्याची सवय लावावी. बाजाराच्या सकाळी पंपावर रांगेत उभे राहणेही त्यामुळे वाचते.

इंधनाची वाट स्वच्छ आहे, बुडबुडे नाहीत, तरी इंजिन ठेक्यात धडधडते, तर एखादा सिलिंडर काम करीत नसतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजिन स्लोवर ठेवून नोझलच्या पाईपचा नट एकेक करून किंचित सैल करतो. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही तो सिलिंडर आजारी. आता त्याचे नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावायचे आणि शेजारचे याला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, एकच नोझल दुरुस्त करावे, चारही नव्हे. दोष जागेवरच राहिला तर टॅपेटची फट, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन पाहावे लागेल. आमच्या माहितीत अनेकांनी एका नोझलसाठी चारांचे पैसे भरले आहेत, कारण अदलाबदल करून पाहण्याचा अर्धा तास कोणी दिला नाही.

येथे एक गंभीर इशारा. जुन्या गाडीतही नोझल दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाबाला उघडते. तो फवारा कातडीतून आत शिरतो. हात जवळ नेऊ नये, डोळ्यांना चष्मा लावावा. आणि कॉमन रेल इंजिनाच्या गाडीत नट सैल करण्याचा हा प्रकार कोणी सांगितला तरी करू देऊ नये. तेथे दाब हजार बारच्या पुढे जातो. फवारा आत गेला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट मोठ्या दवाखान्यात जावे.

चाचांनी विचारलेला "एकदम गप्प होते का?" हा प्रश्नही मोलाचा आहे. डिझेल कमी पडले तर इंजिन आधी गुदमरते, धडधडते, मग बंद होते. चावी फिरवावी तसे क्षणात बंद पडत असेल तर वायरिंगकडे पाहावे. रोटरी पंपावर चावीशी जोडलेला एक सोलेनॉईड असतो. त्याला वीज मिळते तोवरच डिझेल पुढे जाते. त्याची वायर सैल असेल, तिच्यावर गंज चढला असेल, तर खड्ड्यात किंवा थरथरीत संपर्क तुटतो आणि इंजिन बंद. ही वायर हाताने हलवून पाहणे फुकटचे काम आहे.

आणि काही वेळा इंजिन मुळी मिसिंग करीतच नसते. केबिन थरथरते, आरसे हलतात, पण सायलेन्सरचा आवाज एकसारखा असतो. तेव्हा इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर बसलेले असते. बॉनेट उघडून कोणाला तरी रेस द्यायला सांगावे. इंजिन एका बाजूला उडी मारते का ते दिसते. सायलेन्सरच्या तोंडापाशी उभे राहून आवाज ऐकण्याची सवय प्रत्येक मालकाने लावून घ्यावी.

धुराबद्दल थोडक्यात. थंडीत पहिली दोन-चार मिनिटे पांढरा धूर आणि थरथर, नंतर ठीक, तर हिटर प्लग असलेल्या गाडीत ते तपासावेत, आणि नसलेल्या गाडीत नोझल, टायमिंग व कॉम्प्रेशन. पांढरा धूर जातच नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होते, तर हेड गॅस्केट. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर जरूर स्वच्छ ठेवावा. कापडाचा तंतू आणि बगॅसचा भुगा त्यात भरतो. मात्र एअर फिल्टर घाण झाल्याने गाडीची ओढ जाते, तेवढ्यावरून ती स्लोवर सहसा बंद पडत नाही. म्हणून फिल्टर झटकून "आता ठीक होईल" म्हणणाऱ्यावर फारसा भरवसा ठेवू नये.

ज्या बंधूंकडे कॉमन रेलची पिकअप आहे त्यांच्यासाठी रीत तीच, साधने वेगळी. आधी डिझेल, पाणी, हवा पाहावी. मग स्कॅनर लावावा, पण स्कॅनरने दाखविलेला पार्ट लगेच बदलू नये. तो फक्त खूण दाखवितो. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे स्लोवर चालविले की ज्याची बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते तो इंजेक्टर आतून गळतो आहे हे कळते. शिवाय ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तर स्लो बिघडते आणि काळा धूर येतो. तो साफ करता येतो.

कॅलिब्रेशन वाईट नव्हे. आपल्याकडे जुने मिस्त्री अजून ज्याला मायकोचा पंप म्हणतात, ती बंगळूरची मायको कंपनी २००८ पासून बॉश नावाने चालते. तिची नोझले आपल्या नाशिकमध्ये बनतात. हे सामान लाखाच्या वर किलोमीटर सहज चालते. त्याला मारते ते पाणी आणि घाण. पंप उघडायचा तो शेवटी, आणि उघडण्याआधी मिस्त्रीला विचारावे की हवा, पाणी, वायर आणि नोझलची अदलाबदल पाहिली का.

गॅरेजात जाताना आम्ही आता एक चिठ्ठी लिहून नेतो : तक्रार केव्हापासून, थंड की गरम, टाकी किती होती, धूर कसा, आधी कोणते काम झाले, कोणता पार्ट केव्हा बदलला. मिस्त्री सुरुवातीला हसले. आता शिरूरचा एक तरुण मिस्त्री, जो स्वतः आपल्याच समाजातला आहे, सगळ्या गिऱ्हाइकांना हेच प्रश्न विचारून वहीत उतरवून घेतो. तांब्याचे वायसर तो प्रत्येक फिल्टरबरोबर नवे लावतो आणि बिलात वेगळे दाखवितो.

सगळ्याच गाड्या वायसरने सुधारतात असे नाही. आमच्या भावाची दुसरी पिकअप होती, तीही स्लोवर धडधडायची. सगळी तपासणी क्रमाने केली. नोझल बदलूनही तिसरा सिलिंडर तसाच राहिला. कॉम्प्रेशन मोजले तेव्हा त्याचे इतर तिघांपेक्षा बरेच कमी भरले. इंजिनाच्या कामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जात होता, शिवाय आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस करावे लागते. त्याने ती विकायचे ठरविले. दलालाने सल्ला दिला : गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवा, रेस थोडी वाढवा, कोणाला कळणार नाही. भावाने आम्हाला विचारले. आम्ही त्याला मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस आठवून दिली, रसूलुल्लाह (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले होते. आम्ही कापडवाले लोक, फाटका तागा आत घडी घालून विकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारी तो पालावर आणून टाकते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

भावाने दोष कागदावर लिहून दिला : तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी, इंजिनाचे काम निघणार. केडगावच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने ती गाडी घेतली. त्याने दरात ३० हजार कमी करून मागितले, भावाने २५ वर सौदा केला. त्याने इंजिन बांधून घेतले आणि आता त्या गाडीतून कांदा नेतो.